क्लच कुणी जाळला?

दसरा झाला की आमच्या गेवराई तालुक्यातली गावं मोकळी व्हायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी साताऱ्याकडे, कुणी थेट कर्नाटकात. पुढे ट्रॅक्टर, त्याच्यामागे दोन ट्रॉल्या आणि ट्रॉल्यांत अख्खा संसार. पत्र्याच्या पेट्या, सरपण, शेळ्या, कोंबड्या, म्हातारीच्या मांडीवर लेकरू. पुढचे चार-पाच महिने हाच ट्रॅक्टर रोज उसाच्या फडातून कारखान्याच्या काट्यावर आणि काट्यावरून पुन्हा फडात जाणार असतो. या सगळ्या ओझ्याची ताकद इंजिनाकडून चाकांकडे जाते ती जेवणाच्या ताटाएवढ्या एका चकतीतून. क्लच प्लेट म्हणतात तिला. आज बोलायचं आहे ते तिच्याविषयी.

माझं काम ट्रॅक्टर दुरुस्तीचं, तलवाड्यात. नवरात्रात त्वरितादेवीच्या दर्शनाला गावात गर्दी होते, त्याच दिवसांत माझ्याकडेही रांग लागते. खंडेनवमीला ट्रॅक्टरची पूजा करायची आणि मग निघायचं, असा लोकांचा हिशेब. हंगाम सुरू झाला की फोन यायला लागतात. त्यात एक प्रश्न दरवर्षी ठरलेला. मालक उभा असतो, बाजूला ड्रायव्हर मान खाली घालून उभा असतो आणि मालक विचारतो, "मिस्त्री, खरं सांगा. ह्यानं जाळला का न्हाई क्लच?"

प्रश्न साधा नाही. मी मान हलवली तर दुरुस्तीचा खर्च त्या पोराच्या पगारातून कापला जातो. ट्रॅक्टर खोलून क्लच बदलायला दिवस जातो, सामान मिळालं नाही तर दोन जातात. तेवढा वेळ टोळी बसून राहते, तोडलेला ऊस फडात वाळतो आणि वजनात मार बसतो. मालकाने आणि मुकादमाने कारखान्याकडून उचल घेतलेली असते, ती फिटायची असते. तेव्हा कुणावर तरी खापर फुटणारच. ते कुणावर फोडायचं हे ठरवण्याआधी क्लच जळतो म्हणजे काय होतं, ते बघू.

दोन्ही हातांचे तळवे समोरासमोर धरा आणि मध्ये एक वही दाबून ठेवा. डावा तळवा म्हणजे इंजिनाचं फ्लायव्हील. ते इंजिनाबरोबर सतत फिरतं. उजवा तळवा म्हणजे प्रेशर प्लेट. तिच्यामागे जाड स्प्रिंगा असतात, त्या तिला फ्लायव्हीलकडे दाबून धरतात. मधली वही म्हणजे क्लच प्लेट. ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवलेली असते. तळवे घट्ट दाबलेले असतील तर हात फिरवताच वहीही फिरते आणि ट्रॅक्टर चालतो. तळवे जरा सैल केले तर वही जागेवर राहते आणि गिअर टाकता येतो. पायडल दाबणं म्हणजे तळवे सैल करणं. आणि तळवे ना घट्ट ना सैल, असे अर्धवट ठेवून फिरवले तर? वही घासली जाते. घासलं की तापतं, तापलं की जळतं.

पायडल दाबल्यावर जे बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटला मागे ओढणाऱ्या पट्ट्यांवर टेकतं, त्याला रिलीज बेअरिंग म्हणतात. त्या पट्ट्यांना आम्ही बोटं म्हणतो, तीन असतात बहुतेक ट्रॅक्टरांत. पायडल सोडलेलं असताना बोटं आणि बेअरिंग यांच्यात थोडी फट हवी, दोन-तीन मिलीमीटरची. ती आत असते, दिसत नाही. बाहेर ती पायडलच्या मोकळ्या चालीत कळते. पायडल हाताने दाबलं तर सुरुवातीला ते अलगद जातं, मग एकदम जड लागतं. अलगद जाणारं जे अंतर, ती चाल. बहुतेक ट्रॅक्टरांत ती वीस ते तीस मिलीमीटर, म्हणजे साधारण दीड बोट असते. नेमका आकडा तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच धरायचा.

इथे बहुतेकांची गफलत होते. त्यांना वाटतं, प्लेट झिजली की पायडल ढिलं पडेल. ब्रेकचं तसं होतं. क्लचचं बरोबर उलट असतं. प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट तेवढी पुढे, इंजिनाकडे सरकते. बोटं तराजूच्या दांडीसारखी असतात. त्यांचं एक टोक पुढे गेलं की दुसरं मागे येतं, म्हणजे बेअरिंगच्या दिशेने. आतली फट कमी होते. बाहेर पायडलची चाल कमी होते. ड्रायव्हरला वाटतं, क्लच छान 'टाइट' झालाय, लगेच लागतोय. प्रत्यक्षात फट संपत आलेली असते. ती पूर्ण संपली की बेअरिंग बोटांवर कायमचं टेकून राहतं. कुणी पायडलला पाय लावला नाही तरी स्प्रिंगांचा थोडा जोर बेअरिंगच खाऊन टाकतं. पकड ढिली होते, प्लेट घसरते, जास्त झिजते आणि झिजली म्हणून आणखी घसरते. इथून पुढे प्लेट फार दिवस काढत नाही.

म्हणजे ड्रायव्हर कितीही शहाणा असला तरी चाल न मोजलेल्या ट्रॅक्टरचा क्लच जळणारच. आणि चाल मोजणं कुणाचं काम, हे आमच्याकडे कुणी ठरवलेलंच नसतं. मालक म्हणतो ड्रायव्हरचं, ड्रायव्हर म्हणतो मिस्त्रीचं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात केलर नावाच्या दोघा भावांनी १९५७ साली टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी एक बुटका लोडर बनवला. शेडमधल्या खांबांच्या अधूनमधून शिरून खत काढायचं, तर यंत्र जागच्या जागी वळलं पाहिजे. त्यांनी डाव्या आणि उजव्या चाकाला वेगळी क्लचची जोडणी दिली. एक बाजू पुढे, दुसरी मागे, की यंत्र भिंगरीसारखं फिरतं. पुढे मेलरो कंपनीने ते बाजारात आणलं आणि १९६२ पासून ते बॉबकॅट या नावाने विकलं जाऊ लागलं. आता आपल्या शहरांत रस्त्याच्या कामांवर या जातीचे लोडर दिसतात. नव्या यंत्रांत क्लचऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मोटरी असतात, पण जुन्या यंत्रांत क्लचच होते. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. डाव्या क्लचची पकड उजव्यापेक्षा जरा कमी झाली, की यंत्र एका बाजूला ओढायला लागतं. ते त्याच दिवशी कळतं, चालवणाऱ्याला तक्रार करावी लागते, क्लच जुळवावाच लागतो. आपल्या ट्रॅक्टरला मात्र दोन्ही चाकांसाठी मिळून एकच क्लच. तो बिघडत असताना ट्रॅक्टर सरळच चालतो. त्यामुळे मोजपट्टीशिवाय दुसरा उपाय नाही.

आता मोजायचं कसं? इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून गुटके. पायडल पायाने नव्हे, हाताने दाबायचं. पायाला ती अलगद चाल कळतच नाही. पट्टी पायडलला उभी लावून आधी पायडल वर असताना मोजा, मग जड लागेल तिथे मोजा. फरक म्हणजे चाल. कमी असेल तर पायडलपासून क्लचकडे जाणारा रॉड बघा. त्याच्या टोकाला आटे असतात, चेक नट असतो. चेक नट ढिला करायचा, कॉटर पिन काढून आडवी पिन सोडवायची, रॉडचं टोक एकच फेरा फिरवायचं, पिन घालून पुन्हा मोजायचं. कोणत्या बाजूला फिरवायचं हे ट्रॅक्टरगणिक बदलतं. काहींत रॉड ओढतो, काहींत ढकलतो. म्हणून एकेक फेरा. चाल बरोबर आली की चेक नट आवळायचा आणि कॉटर पिन नवी घालायची. तिच्या जागी खिळा किंवा तार घातलेले ट्रॅक्टर मी जितके पाहिलेत, तितके कुणी पाहू नयेत. आठ आण्यांची वस्तू म्हणून लोक हसतात. उतारावर ती तार तुटली, पिन निसटली, की पायडल थेट फळीला जाऊन टेकतं आणि क्लच सुटतच नाही.

चाल जास्तही नको. जास्त झाली तर पायडल तळापर्यंत दाबूनही प्लेट पूर्ण सुटत नाही. गिअर टाकताना करकर आवाज येतो, दाते तुटतात. क्लच दाबून दहापर्यंत आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही करकरला तर प्लेट सुटत नाहीये.

घसरणारी प्लेट ओळखायची खूणही सोपी आहे. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि ट्रॅक्टर मात्र तेवढा पुढे सरत नाही. जळक्या लायनिंगचा वास येतो. तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. खात्री करायची तर मोकळ्या सपाट जागेत, ट्रॉल्या सोडून, पुढे-मागे कुणी नाही असं बघून, दोन्ही ब्रेक पायडल कडीने जोडून घट्ट दाबा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळूच सोडा. इंजिन बंद पडलं तर पकड ठीक आहे. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय, लगेच क्लच दाबा. ही परीक्षा दोन सेकंदांची आहे. पाच-सहा वेळा करून बघायची हौस करू नका, त्यातच प्लेट जाईल.

आता मालकाच्या प्रश्नाकडे येतो. माझा एक नियम आहे. ट्रॅक्टर खोलण्याआधी मालक आणि ड्रायव्हर दोघांना उभं करायचं आणि त्यांच्यासमोर पायडलची चाल मोजायची. एकदा खोललं की तो पुरावा गेला. मग प्लेट बाहेर काढायची आणि सगळे मिळून बघायची.

लायनिंग सगळीकडून सारखं झिजून रिबिटांपर्यंत आलं असेल आणि फ्लायव्हीलवर गोल चरे पडले असतील, तर प्लेट म्हातारी होऊन गेली. ती जळालेली नाही. वेळेवर बदलली नाही, एवढंच. लायनिंग काळं, चकचकीत आणि ओलं असेल तर तेल आलंय. इंजिनाच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून. इंजिनाचं तेल काळं आणि पातळ असतं, गिअरबॉक्सचं जाड, बोटांना चिकटणारं. क्लचच्या घराला खाली एक छोटं भोक असतं, तिथून थेंब पडत असतात आणि ट्रॅक्टर उभा असतो तिथे जमिनीवर डाग दिसतो. यात ड्रायव्हरचा पाय कुठे आला? अशा वेळी नुसती प्लेट बदलून सील तसंच ठेवलं तर महिन्यात ट्रॅक्टर पुन्हा माझ्या दारात.

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर निळे-जांभळे डाग, केसासारख्या बारीक भेगा, म्हणजे मात्र उष्णता. प्लेट घसरत राहिलीय. पण का? खोलण्याआधी मोजलेली चाल शून्य असेल, तर दोष चालीचा. चाल बरोबर होती, तरी बोटांची टोकं झिजून सपाट झालीत, बेअरिंग तापून कोरडं पडलंय, तर चालवणाऱ्याचा पाय दिवसभर पायडलवर विसावत होता. ती सवय त्याची. बोटं ठीक आहेत पण डाग आहेत, तर अर्धा क्लच दाबून ओझं ओढलंय. इथेही मी मालकाला विचारतो, ट्रॉल्यांत ऊस किती भरत होतात? काट्याची पावती काढा. पावती बघितल्यावर पुष्कळदा मालकच विषय बदलतो.

चौथा प्रकार क्वचित येतो, पण आला की मी ड्रायव्हरला बाजूला घेऊन बोलतो. लायनिंगचे तुकडे होऊन ते घरात उधळलेले असतात. असं होण्याचं एक कारण म्हणजे उतारावर खालच्या गिअरमध्ये क्लच दाबून ट्रॅक्टर सोडून देणं. इंजिन मिनिटाला दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांच्या वर जात नाही. पण क्लच दाबला की प्लेट इंजिनाच्या ताब्यात राहत नाही, चाकं तिला फिरवतात. लहान गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला प्लेटचे कितीतरी फेरे होतात. ट्रॅक्टर उतारावर पळायला लागला की प्लेट तिच्या ताकदीपलीकडे फिरते आणि लायनिंग फुटतं. ही झाली यंत्राची गोष्ट. माणसांची यापेक्षा वाईट. मांजरसुंब्याच्या घाटासारख्या उतारावर दोन ट्रॉल्या मागून ढकलत असतात. त्यांना धरून ठेवतं ते गिअरमध्ये असलेलं इंजिन, नुसते ब्रेक नव्हे. क्लच दाबला किंवा डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं, की ते धरणारं गेलं. मग ब्रेक तापतात, ट्रॉल्या आडव्या होतात. आणि ट्रॉलीत माणसं बसलेली असतात. ज्या गिअरने चढला असता, त्याच गिअरने उतरायचं, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा.

फडातलीही एक सवय सांगतो. ओल्या रानात भरलेल्या ट्रॉल्या रुतल्या की ड्रायव्हर रेस वाढवून क्लच एकदम सोडतो. चाकं हलायला तयार नसतील, तर इंजिनाची ताकद ट्रॅक्टरचं पुढचं तोंडच वर उचलते. पापणी लवेपर्यंत ट्रॅक्टर मागे कोसळू शकतो, आणि खाली चालवणारा असतो. मागची ट्रॉली सोडा, एकेक करून ओढा. तासभर मोडेल, मोडू द्या.

प्लेट बदलायची वेळ आलीच, तर ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स दुसरीकडे. पुढचा आस मध्यावर झुलता असतो. म्हणून आधी आस आणि वरचा सांगाडा यांच्यात दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या, नाहीतर इंजिन एका कुशीवर कलंडतं. दोन्ही भागांखाली भक्कम ठोकळे हवेत. नुसत्या जॅकवर विसंबून कुणी खाली शिरू नये. आणि इतकं खोलल्यावर एकटी प्लेट बदलून पैसे वाचवू नका. खरी मेहनत खोलण्या-जोडण्याची आहे. रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंग आणि शंका असेल ते सील त्याच वेळी बदला. फ्लायव्हीलवर चरे असतील तर लेथवर साफ करून घ्या. तिन्ही बोटांची उंची मोजून सारखी करा. एक जरी वर-खाली राहिलं तर प्लेट वाकडी सुटते आणि क्लच थरथरतो.

गॅरेजमधल्या पोरांसाठी एक कळकळीची गोष्ट. क्लचच्या घरातली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि समोरच्या जुन्या प्लेटमध्ये ते आहे की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून फुप्फुसं कडक होण्याचा आजार होतो, कर्करोगही होतो, आणि तो वीस-तीस वर्षांनी उघडा पडतो. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क लावा. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या पोराला पान्ह्यांचे नंबर नंतर शिकवतो, हे आधी.

रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र चालवणाऱ्यांनी आणखी एक बघावं. ज्यांच्या ट्रॅक्टरला डबल क्लच आहे, त्यांचं पायडल अर्धं दाबलं की चाकं सुटतात, पूर्ण दाबलं की मागचा पीटीओचा दांडा सुटतो. जुळवणी बिघडली असेल तर पायडल पूर्ण दाबूनही दांडा फिरतच राहतो. क्लच दाबलाय या भरवशावर कुणी हात घालतो, कुणाचा पदर अडकतो. पीटीओ बंद आणि इंजिनही बंद, मगच जवळ जायचं.

हंगामात आठवड्यातून एकदा चाल मोजायची. काट्याच्या रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागतं, तिथे दोन मिनिटं पुष्कळ झाली. मोजलेला आकडा तारीख घालून डिझेलच्याच वहीत लिहावा, आणि मालकाने आणि ड्रायव्हरने दोघांनी लिहावा. पंचवीस, पंचवीस, बावीस, अठरा असे आकडे उतरत आले की प्लेट किती वेगाने झिजतेय ते आपोआप दिसतं. रॉडचे आटे फिरवून फिरवून संपत आले की प्लेटही संपत आली असं समजा.

मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परत येतात आणि काही ट्रॅक्टर मग बांधावर नाहीतर घरामागे उघड्यावर उभे राहतात. पावसाळ्यात दमट हवेने फ्लायव्हीलला गंज चढतो आणि प्लेट त्याला चिकटून बसते. दसऱ्याला क्लच दाबला तरी गिअर पडत नाही. ट्रॅक्टर महिनाभरापेक्षा जास्त उभा राहणार असेल तर पायडल दाबून अडकवून ठेवावं. काही ट्रॅक्टरांना त्यासाठी कडी असते. ती नसेल तर सीट आणि पायडल यांच्यात मापाचा लाकडी ठोकळा बसतो. चाकांना गुटके घालायचे आणि स्टिअरिंगला एक चिंधी बांधायची, म्हणजे घरातलं दुसरं कुणी चालू करायला आलं तर ठोकळा आधी त्याच्या नजरेला पडेल.